लाडूकाकाची साक्ष

म्हातारपणाच्या पेन्शनीचे अर्ज रामनगरच्या चावडीत घेत होते. रांगेत माझ्या पुढं दिग्गी गावचे दोन म्हातारे होते, नागू आणि त्याचा लाडूकाका.

“नागू, वय किती?” कारकुनानं विचारलं.

“सत्तराच्या वर असंल बघा.”

“जन्माचा दाखला?”

“त्यो न्हाई. म्हणून तर लाडूकाकाला चालवत आणलंय. माझ्या बारशाला हुता ह्यो.”

“खरं काय, आज्जा?”

“व्हय तर! पाळण्याची दोरी मीच बांधली. तवा मला मिशी फुटली हुती.”

“बरं, चालेल. नागू, इथं अंगठा उठवा. आज्जा, तुमचा अर्ज कुठाय?”

“केलाच न्हाई.”

“का हो? तुम्ही तर ह्याच्यापेक्षा वयानं थोर.”

“माझ्या बारशाला आलेलं माणूस आता कुठनं आणू, सायेब?”