डबल कुर्वा

...नाही, पण तुम्हीच सांगा, यात आमच्या चिमणदाजींचं काय चुकलं? माणूस शिकला नाही तर म्हणायचं अडाणी, आणि शिकला तर छत्रीचा मार? तुम्हाला सांगतो, मी पुढच्या सीटवर होतो, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातली एक छत्री माझ्याही खांद्यावर बसलीय, म्हणून बोलतोय!

चिमणदाजी म्हणजे आमच्या हिराताईचा नवरा. सायवनच्या वरच्या अंगाला पाडा, थोडा भात, थोडी नागली, आणि एक जुनी इको गाडी. ताई वारली चित्रं काढते, फार नावाजलेली आहे हां, तर मुंबईची प्राजक्ताताई म्हणून एक बाई आहेत, त्या परदेशी पाहुणे पाठवतात चित्र शिकायला. दाजींनी डहाणू स्टेशनवरून त्यांना आणायचं, ताईने शिकवायचं, जेवू घालायचं. आणि दाजी इतके गरीब स्वभावाचे, कोंबडी आडवी आली तर हॉर्न नाही मारणार, खाली उतरून ‘जा गं बाई’ म्हणणार! असा माणूस!

तर डिसेंबरात आला एक इटलीचा. पाओलो. कासा गाव सोडलं की आमच्या रस्त्याला वळणंच वळणं, आणि हा बाबा दोन्ही हातांनी कडी धरून प्रत्येक वळणाला ओरडतोय, ‘कुर्वाऽऽ! कुर्वाऽऽ!’ दाजींनी खुणेने विचारलं, काय रे बाबा, पोटात दुखतंय? त्याने हात वाकडा करून दाखवला... असा. दाजी खूश! ‘रविंद्र, वळण म्हणजे कुर्वा! मी इंग्लिश शिकलो!’ मी म्हटलं, दाजी, हे इंग्लिश नाही, इटलीचं आहे. तर म्हणाले, ‘अरे, गोऱ्यांचं सगळं एकच असतं.’ घरी गेल्यावर ताईला सांगितलं, तर ती म्हणते, ‘कुरवा काय, कुरवाळायचं काय? पाहुण्यांसमोर असलं काही बोलू नका हां!’ आता बायकोचं ऐकलं असतं तर... पण ऐकतो कोण? तुम्ही ऐकता?

फेब्रुवारीत प्राजक्ताताईंचा फोन. ‘चिमणभाऊ, पोलंडच्या दोघी येतायत. मोनिका मॅडम आणि त्यांच्या आई. यांना आवडलं तर पुढच्या वर्षी बारा जणींचा ग्रुप येणार. ताईंची चित्रं तिकडे प्रदर्शनाला जातील. तेव्हा जरा गप्प बसू नका, गोड बोला!’ बोला! त्याच म्हणाल्या, बोला! मग यात दाजींचं काय चुकलं?

ताईने आठ दिवस आधी कुडाची भिंत सारवून, गेरू देऊन तयार ठेवली. दाजींनी गाडी धुतली, चिकूची पिशवी घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. स्टेशनात उतरल्या दोघी. मोनिका मॅडम बारीक, हसऱ्या. आई हालिनाबाई म्हणजे... रिटायर हेडमास्तरीण, उंच, चांगल्या भरदार, हातात ही लांब छत्री. फेब्रुवारीत छत्री! दाजी म्हणाले, ऊन लागत असेल.

कासा गेलं. पहिलं वळण. दाजींनी मान मागे वळवली, गोड हसले, आणि हालिनाबाईंकडे बघून म्हणाले, ‘मॅडम... कुर्वा!’

मागे दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दाजी माझ्या कानात, ‘बघितलंस? चाट पडल्या! आपली भाषा येते म्हणून!’

दुसरं वळण मोठं. दाजींनी स्टेअरिंगवरचा एक हात काढला, हा एवढा पसरला, ‘मॅडम, बिग कुर्वा! व्हेरी बिग!’ आता हालिनाबाई मुळात भरदार... त्यांचा चेहरा टोमॅटो! मोनिका मॅडम म्हणतात, ‘व्हॉट? व्हॉट यू से?’ दाजींना वाटलं, ऐकू नाही आलं. म्हणून जोरात, एकेक अक्षर सुटं करून, ‘कु! र्वा! यस!’

आणि मग आलं ते एसचं वळण. एकाला एक लागून दोन. दाजींनी दोन बोटं वर केली, मागे वळले, दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, ‘डबल कुर्वा!’

धप्प! पहिली छत्री दाजींना, दुसरी मला. मी तर काही बोललोही नव्हतो! ‘स्टॉप! स्टॉप!’ दोघी उतरल्या, बॅगा ओढत उलट्या डहाणूच्या दिशेने चालू लागल्या. पस्तीस किलोमीटर!

प्राजक्ताताईंना फोन लावला. त्या तिकडून किंचाळल्या, ‘चिमणभाऊ! काय म्हणालात? अहो, इटली, स्पेन, तिकडे ते वळण असेल, पण पोलंड आणि त्या सगळ्या पट्ट्यात ती शिवी आहे! बाईला देतात ती!’ म्हणजे कोणती, तुम्हाला कळलं ना? समोर ताया बसल्यात, मी उच्चारत नाही.

दाजी रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले. रंग उडालेला. ‘रविंद्र, आईच्या वयाच्या बाईला मी असं... आणि वर व्हेरी बिग?’ डोळ्यांत पाणी हो त्यांच्या! धावत गेले पाया पडायला, तर हालिनाबाईंना वाटलं हा अंगावर येतोय, पुन्हा छत्री वर! अहो, आपल्याकडे काय होत नाही असं? तलासरीच्या हॉटेलात एक गुजराती भाऊ आपल्या वडिलांना शोधत आला, ‘डोसा क्यां छे?’ त्यांच्यात डोसा म्हणजे म्हातारा! वेटरने दोन मसाला आणून ठेवले. पण तिथे कोणी कोणाला मारलं नाही!

शेवटी मी ताईला फोन केला. ती तशीच आली शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून, हाताला तांदळाचं पीठ, एका हातात पिठाचा डबा. बॅगा ओढून दमून थांबलेल्या दोघींना गाठलं. डांबरावर खाली बसली आणि बोटाने काढायला लागली... नागमोडी रस्ता. त्यावर गाडी. गाडीत आपले काडीचे दाजी, तोंड उघडं. प्रत्येक वळणावर तेच दाजी, तेच उघडं तोंड. मग वळणावर बोट ठेवून म्हणाली, ‘कुर्वा.’ मोनिका मॅडम बघत राहिल्या, मग एकदम, ‘इटालियन?’ मी ओरडलो, ‘यस! इटालियन! पाओलो!’

त्यांनी आईला सांगितलं. हालिनाबाईंनी आधी खाली चित्राकडे बघितलं. मग पोट हलायला लागलं. मग छत्रीचा आधार घेऊन अशा हसल्या की त्यांना रस्त्यात बसावं लागलं! आणि गाडी सुरू झाली तशी पहिल्याच वळणाला स्वतःच खिडकीबाहेर तोंड काढून, ‘कुर्वाऽऽऽ!’ पुढच्या वळणाला परत! मोनिका मॅडम म्हणाल्या, ‘मम्मीने चाळीस वर्षं या शब्दासाठी पोरांना शिक्षा केल्या, स्वतः आज पहिल्यांदा म्हणतेय.’ पाडा आला तरी बाईंना थांबवेना. सगळा पाडा बाहेर येऊन बघतोय, आणि दाजी हात जोडून, ‘मॅडम, नो कुर्वा. प्लेन रोड. प्लेन!’

चार दिवस राहिल्या. निघताना ताईच्या गळ्यात पडून रडल्या. बारा जणी येणार आहेत, नक्की झालंय.

पण दाजींनी शपथ घेतली. पाहुण्यांशी एक शब्द बोलायचा नाही. परवा फ्रान्सचे नवराबायको येऊन गेले. विचारलं, नाव काय? गप्प. किती लांब? गप्प. हे झाड कसलं? गप्प! काल प्राजक्ताताईंनी त्यांचा अभिप्राय वाचून दाखवला. जेवण उत्तम, चित्रं सुंदर... ‘ड्रायव्हर मात्र फार उद्धट, तोंडच उघडत नाही.’

आता बोला! की नको... तुम्हीही गप्पच बसा.