तिरका शेजार

...आणि हा वाद किती वेळ चालला, तर तुम्हाला सांगते, दोन तास. दोन तास मी टेबलाशी बसलेय, कंबरेचा काटा ढिला झालाय, आणि वाद कशाचा, तर कोपऱ्याला कोपरा लागला म्हणजे शेजार झाला की नाही.

नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाई बरळते. मी शिवणकाम करणारी, शाळा चौथीपर्यंत. लेक लग्न होऊन गेली, ती आणि जावई दर रविवारी दुपारी येतात आणि एक खेळ मांडतात. चौकटी आखलेला कागद, फासे आणि हे एवढं जाड नियमांचं पुस्तक. लेक राक्षस चालवते, अडलं तर निकालही तिचाच. जावई तिरंदाज. आमचे हे जादूगार, त्यांच्या जागी बाटलीचं बूच. मी रक्षक, ढाल-तलवारवाली, माझ्या जागी माझं अंगुस्तान. रोज सुईचे टोचे तेच खातं, मग राक्षसाच्या गदेपुढे दुसरं कोण उभं करू? सहा महिने वाढवलीय हो मी या रक्षकबाईला, सातव्या पायरीपर्यंत आणलीय. मेली की पुन्हा पहिल्या पायरीपासून, या वयात.

तर परवा राक्षसानं गदा उचलली ती ह्यांच्यावर. ह्यांच्या जिवाचे गुण उरलेले चार. आणि माझ्याकडे एक विद्या आहे, शेजारच्या चौकटीतल्या सोबत्यावरचा वार मला अंगावर घेता येतो. मी म्हटलं, घेतला. संपलं ना? तर जावई चष्मा पुसत म्हणतात, "आई, थांबा जरा. पुस्तकात काय लिहिलंय ते बघू."

कारण बूच उभं तिरक्या चौकटीत. का, तर सरळ चौकटीवर ह्यांच्या चहाचा कप. हा माणूस घरातसुद्धा नको तिथंच उभा राहतो, फरशी पुसायला घेतली की बरोब्बर ओल्या जागी, मग खेळात काय सुधारणार?

मी म्हटलं, अहो, आमच्या मजल्यावर कोपऱ्यातली बाई, तिची भिंत माझ्या भिंतीला कुठंच लागत नाही, पण माझ्या कढईत काय करपलं ते तिला माझ्याआधी कळतं, मग ती शेजारीण नाही तर कोण? "ते खरंय आई, पण पुस्तकात काय लिहिलंय ते बघू." बघितलं. एका पानावर चालण्यासाठी तिरकी चौकट धरा म्हणे, आणि वाराच्या पानावर पुस्तक मुकं. लेकीकडे पाहिलं, तर ती म्हणते, "आई, मी राक्षस आहे, मला तुझी बाजू घेता येत नाही." नऊ महिने पोटात वागवलं हो हिला.

शेवटी तिनंच निकाल दिला, तिरका शेजार चालेल. गदेचे फासे पडले, अठरा. माझा जीव अकरा. मी म्हटलं, काही बिघडत नाही, ढालीनं वार अर्धा होतो, नऊ गेले, दोन उरले, दोनात भागवीन मी... तर जावयांचा हात परत पुस्तकावर. "आई, ढाल फक्त तुमच्यावर रोखलेल्या वाराला. हा बाबांवर रोखलेला. तुम्ही मध्ये आलात."

मध्ये आले. सत्तावीस वर्षं मध्येच येतेय मी, सासूच्या आणि ह्यांच्या, ह्यांच्या आणि लेकीच्या, कुणी अर्धा वार माफ केला का कधी?

लेकीचा आवाज जरा हलला, राक्षस असून. "आई, अजून मागे घेता येईल."

मी अंगुस्तानाकडे पाहिलं. सहा महिने. मग बुचाकडे पाहिलं, चहाच्या डागात उभं, बावळटासारखं. म्हटलं, घेतला म्हणजे घेतला.

तिनं अंगुस्तान हळूच आडवं ठेवलं. जावयांनी पुस्तक मिटलं. तेवढ्यात आमच्या ह्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, कशाला मेलीस? माझ्याकडे कवचाचा मंत्र होता की. वापरलाच नव्हता."

मी विचारलं, अहो, मग दोन तास तोंड का शिवलं होतं?

तर म्हणतात, "तुमचं चाललं होतं. म्हटलं, आपण मध्ये कशाला पडा."

आता रविवारी मी पहिल्या पायरीवर. हे आठव्या.