रविवारचा धूर

—नाही गं, खोटं कशाला बोलू? सकाळी नीरफणसाची एक फोड, तीही उकडलेली, आणि बिनसाखरेचा चहा — बास, एवढंच. टोच तू, टोच. तो हात नको, हा घे, त्या बोटाचं मागच्या सोमवारचं अजून ठणकतंय. ... चढलाय ना साखरेचा आकडा? वाटलंच मला. अशी बघू नकोस लोसालिना, नर्स झालीस तरी तुझ्या आजीच्या शेजारी उभी राहून मी चर्चमध्ये गायलेय, मला डोळे वटारायचे नाहीत.

आणि मी तरी ऐकू कोणाचं, सांग. ऑकलंडहून तानिएला फोन करतो — आई, भात बंद. त्याची बायको पावडरचे डबे धाडते, वर एक उघडाबंब माणूस दंड फुगवून उभा — दुधात कालवून प्यायची म्हणे, जेवणाऐवजी. जेवणाऐवजी! डुकरांना घातली तर डुकरांनी तोंडं फिरवली. चर्चमधली लूपे म्हणते, कडू पाला उकळून पी नि गोळ्या फेकून दे — आणि स्वतः गुपचूप गोळ्या घेते, तिच्या पिशवीत पाहिल्यात मी. फोनमध्ये एक बाई सांगते फळंच खा, दुसरा सांगतो फळांना शिवू नका — एकाच फोनमध्ये राहतात, भांडत कशी नाहीत? म्हणून मी आपलं ठरवून टाकलंय, जो चटईवर बसून माझा पाय मांडीवर घेऊन बघतो त्याचं खरं. म्हणजे तुझं. माझा म्हातारा विलियामी गेल्यापासून दुसरं कोण बसतंय चटईवर — छे, रडतेय कुठे, धूर गेलाय डोळ्यांत. आज कुठला धूर? कालचा असेल. रविवारचा.

हो, पेटवला उमू, मागच्या खड्ड्यातली चूल. पेटवू नको तर काय करू? रविवारी सकाळी घराघरामागून धूर वर जातो, आणि ज्या घराचा जात नाही ते घर रिकामं असं गाव धरून चालतं. आमच्या ओळीत आता बघ — हेपी आणि तिचा नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडतायत, पलीकडचे सगळे ऑकलंडला. माझाच तेवढा धूर. तू म्हणतेस, मावशी, एकटीपुरतं करा. अगं बाई, उमू एकटीपुरता होतच नाही! खड्डा तेवढाच, दगड तापायला लाकडं तेवढीच, आणि त्यात एवढीशी एक पुरचुंडी ठेवून वर माती लोटायची? कुणाला पुरल्यासारखं वाटतं. म्हणून भरते. अळवाच्या पानांत डब्यातलं बीफ, कांदा, नारळाचं घट्ट दूध, आणि विलियामीला चरबीचं मटण आवडायचं म्हणून त्याची वेगळी पुरचुंडी — तो नाही, माहितेय मला, पण हात करून मोकळे होतात. पूर्वी चर्चमधून आलं की ताटं इकडून तिकडे, तिकडून इकडे, स्वतःच्या उमूतलं स्वतःला चाखायला मिळायचं नाही. आता ताट नेऊ कुणाकडे? अन्न टाकायचं तर पाप. मग खाते. सगळं? सगळं नाही. बरंचसं.

पायाचा अंगठा ना, आहे तसाच आहे. काळा दिसतोय? अंधार आहे इथे, म्हणून. मोठ्या बेटावर, टोंगाटापूच्या इस्पितळात? बुधवारच्या जहाजाने? उगीच घाबरवू नकोस. साखर खाली आणायची ना, मला येते आणता — त्या खेपेला नव्हती आणली? मुकाट पालेभाजी खाल्ली, अर्धं रताळं, रोज समुद्रापर्यंत चालत जायचे. केवढी खूश झालीस तू, गालाचा मुका घेतलास, म्हणालीस, फुसी मावशी, आता काळजी नाही, आता तीन महिन्यांनी येईन. आणि आलीस की, बरोबर तीन महिन्यांनी. पण मधले ते सोमवार गं — मी चटई झटकून बसायचे, फाटक वाजायचं, बघावं तर वारा. मग वाढली परत. आपोआप. म्हणजे आपोआपच — अशी का बघतेस? मुद्दाम करतं का कोणी असलं? वेडी आहे का मी, स्वतःचा पाय —

आवरतेस कशाला? थांब ना, तुझ्यासाठी एक पुरचुंडी ठेवलीय. माशाची, नारळ कमी, मीठ कमी, तू सांगतेस अगदी तशी. बघ, येतं मला, तुझ्यापुरतं करता येतं. दोन घास खा. तू खाल्लंस तर तेवढं माझ्या पोटात जायचं नाही, म्हणजे औषधच झालं ना? ... लोसालिना? पिशवी ठेव ना खाली. ओरड हवं तर.

बरं, नको. पुढची घरं असतील तुला. पुरचुंडी घेऊन जा, गाडीत खा. आणि जहाजाचं तेवढं कुणाशी बोलू नकोस, मी यायची नाही. मी तिकडे गेले तर रविवारी ह्या ओळीत धूर कुठून यायचा? जा तू, फाटक नीट लाव, डुकरं शिरतात. आणि सोमवारी ये. येशीलच म्हणा — आकडा चढलेलाच असेल.