पिवळा डाग

मंडळी, आधी हिशेब मांडू. बुंदीत चिमूटभर रंग टाकून रामलिंगशेट हलवायाला मिळणार काय होतं? केशराचा खर्च वाचणार, आणि लाडू असा झळकणार की बघणारा म्हणेल — वा! बस्स, एक 'वा'. आता सांगा, एका 'वा'साठी माणूस देवाच्या ताटात खोटं वाढेल? नुसत्या माना हलवू नका, ऐका!

बेलवाडीत भैरोबाचं देऊळ. दर पुनवेला नैवेद्याचे लाडू रामलिंगशेटकडचे. एवढे पिवळे कसे, असं कुणी विचारलं की शेट हात जोडायचे — घरची हळद, बाकी देवाची कृपा! कृपेचं एक बरं असतं, तिची डबी कुणी उघडून बघत नाही.

देवळाची सेवा गुरवांकडे. त्या घरची सून मंजुळा, तिचा पोर श्रीपती, पाच वर्षांचा. पुनवेचा प्रसाद पोटात गेला की तासाभरात पोराच्या अंगभर पित्ताच्या गांधी! खाजवून खाजवून रक्त काढायचा. सासूनं निदान केलं — सासवांना निदानाला वेळ लागत नाही — सुनेचं सोवळं कच्चं, देव कोपला. पुढच्या पुनवेपासून मंजुळेनं गाभाऱ्याची पायरी चढायची नाही.

मंजुळा रडली. पण डोक्यात किडा वळवळलाच — चूक माझी, तर खाज पोराला का?

त्याच दिवशी देवाचं रेशमी उपरणं धुवायला आलं. त्यावर लाडवाच्या पाकाचा डाग. मायबहिणींनो, हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं? लाल! आणि उन्हात टाकला की? उडून जातो! हा डाग लालही होईना, उडेही ना. मंजुळेनं उपरण्याच्या दुसऱ्या टोकाला मुद्दाम घरची हळद चोळली. साबण लावला — लाल. उन्हात घातलं — दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत साफ. आणि पहिला डाग? सासूबाईंसारखा, जागचा हलला नाही!

उपरणं घेऊन ती थेट दुकानात.

"शेट, तुमची हळद साबणाला भीत नाही."

शेट हसले. मग हसू विरलं.

"वहिनी, एकदा बिनरंगाचे केले होते. गावानं शिळे म्हणून परात परत पाठवली."

मंजुळा पोराला तालुक्याला घेऊन गेली, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. हा रंग कारखान्यातल्या रसायनांचा. बेताचा असला तर बहुतेकांना कळतही नाही. एखाद्याच अंगाला सोसत नाही. ते अंग श्रीपतीचं.

पुढच्या पुनवेला लाडू फिके आले. श्रीपतीनं दोन खाल्ले. सांजेपर्यंत मंजुळा त्याचा सदरा वर करकरून पाहत राहिली. पाठ स्वच्छ. सासू गाभाऱ्याच्या पायरीवरून बाजूला सरकली, एवढंच.

मंडळी, आज इथल्या परातीतले लाडूही फिकेच आहेत. कोण नाक मुरडतंय, मी इथून बघणार आहे! कारण बेरीज अजून राहिलीय. 'वा' मिळाली शेटला. ती दिली तुम्ही-आम्ही. डोळे निवले तेही आपलेच. आणि फेडलं कुणी? एका आईनं पायरीखाली उभं राहून, आणि पाच वर्षांच्या पोरानं आपल्या कातडीनं.