शकुंतला सिस्टर आणि पुढं केलेले हात

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी मल्लिनाथ. नव्या पेठेत कापडाच्या दुकानात आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतो, पण असं चारचौघांपुढं कधी बोललो नाही. सांभाळून घ्या.

आपल्या शकुंतला सिस्टर गेल्या. त्यांचं मोठेपण बाकीचे सांगतीलच. मी त्यांचा पेशंट. माझ्यापुरतं सांगतो.

माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं. भरती करताना सिस्टरांनी विचारलं, "दारू घेता का?" बायको शेजारीच उभी. मी म्हणालो, "छे हो! कधीतरी, लग्नकार्यात." खोटं बोललो. सकाळी उठल्याउठल्या लागायची मला. लाज वाटली, दुसरं काय?

दारू एकदम बंद झाली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. लई मुंग्या! घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. भावानं माझे हात कॉटला बांधले.

सिस्टर आल्या. आधी हात सोडले. घरच्यांना बाहेर पाठवलं. "आता खरं सांगा की दादा. रोज किती?" मी सांगितलं. रागावल्या नाहीत. डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन दिलं आणि शेजारी बसल्या.

"मुंग्या मला दिसत न्हाईत, दादा. पर तुमाला दिसत्यात, भ्या वाटणारच. दवाखान्यात हायसा तुमी. आज मंगळवार हाय. मी शकुंतला." दर तासाला हेच. मग म्हणायच्या, "हात पुढं करा." थरथर किती कमी झाली, ते बघायच्या.

घरी गेलो. सहा महिन्यांनी पुन्हा प्यायलो. होय, प्यायलो. बायकोनं परत त्यांच्यापुढं नेऊन उभं केलं. वाटलं, आता सोडत नाहीत. त्या म्हणाल्या, "या. हात पुढं करा." एवढंच. त्यानंतर मी प्यायलो नाही.

गेल्या महिन्यात त्या स्वतः कॉटवर होत्या. कुठं आहोत, कळत नव्हतं. घाबरल्या होत्या. मी काय करणार? मी काय डॉक्टर आहे? शेजारी बसलो. म्हणालो, "सिस्टर, दवाखान्यात हायसा तुमी. आज गुरुवार हाय. मी मल्लिनाथ." परत म्हणालो. परत म्हणालो. हळूहळू शांत झाल्या. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हात पुढं करा."

मी केले. बराच वेळ बघितलं त्यांनी. "झ्याक हाय," म्हणाल्या.

मंडळी, आता एक मिनिट गप्प उभं राहू. हात जोडू नका. त्यांच्या फोटोपुढं नुसते पुढं करा. बघू द्या त्यांना.