तीस पानांचं नमन

मंडळी, ऐका! आज एक साधाच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. कुणीतरी आपल्यासाठी सगळा जन्म घातला. आपण चारचौघांत त्याचं नाव घेतलं, हार घातला, टाळ्या झाल्या. तर ऋण फिटलं का? बोला! – पुढची रांग गप्प. मागची तर माझ्याकडं बघतच नाही! अहो, प्रश्न अवघड नाही, उत्तर अडचणीचं आहे. म्हणून तर आख्यान लावायचं. म्हणा, विठ्ठल विठ्ठल!

तर नांदखेड नावाचं गाव. तिथं विश्वंभर घोडके नावाचा पेटीमास्तर. सगळं आयुष्य कीर्तनकारांच्या मागं बसून पेटी वाजवली. लोक यायचे, बुवांच्या पाया पडायचे आणि पेटीला वळसा घालून निघून जायचे. तुम्ही म्हणाल, बुवा, तुम्हीपण त्यातलेच की! – हो, त्यातलाच. म्हणून तर सांगतोय. पण हा विश्वंभर मागं बसून नुसती पेटी वाजवत नव्हता. ऐकत होता! आणि ऐकता ऐकता, साठी उलटल्यावर, त्यानं काय करावं? – कादंबरी लिहिली!

कुणावर? आपल्या वैनीवर. आता ही वैनी कोण ते नीट ऐका, नाहीतर मध्येच शेजारणीला विचाराल. विश्वंभर सात वर्षांचा असताना आईबाप गेलेले. थोरला भाऊ हणमंता, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. आणि एक दिवस हा हणमंता गोसाव्यांच्या मागं निघून गेला! परत आलाच नाही. घरात उरलं कोण? विशीतली अनसूयावैनी आणि हे एवढंसं पोर. वैनीचा भाऊ तिला न्यायला टांगा घेऊन आला. टांगा रिकामा परत गेला. वैनी राहिली. तिनं शेत केलं, दीर वाढवला, त्याला पेटी शिकायला धाडलं, त्याचं लग्न लावून दिलं. आणि गाव काय म्हणालं? "नवरा धरून ठेवता आला नाही, आता शेत धरून बसलीय!" म्हणालंच की! गावाला तोंड उघडायला काय लागतं?

वैनी आता ऐंशीच्या घरात. विश्वंभराच्या मनात एकच होतं – ती आहे तोवर तिची गोष्ट छापून यावी. ज्या गावानं तिला नावं ठेवली, त्या गावानं ती वाचावी. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं.

पुण्याच्या एका प्रकाशकाला त्यानं विचारलं. तिकडून निरोप आला – कादंबरीची सुरुवातीची तीस पानं पाठवा, एका पानात सारांश पाठवा, चार ओळींत स्वतःची ओळख लिहा. आवडलं तर पुढचं मागवू.

झालं! विश्वंभर लागला तयारीला. तालुक्याला जाऊन सगळं टाईप करून आणलं. कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत ऐसपैस जागा, समास सोडलेला, पानांवर आकडे – सांगितलं तसं सगळं! फक्त सारांशाला अडला. सारांशात शेवटसुद्धा सांगायचा म्हणे! विश्वंभर टायपिंगवाल्याला म्हणाला, "शेवट आधीच सांगितला तर कीर्तनाला थांबेल कोण?" बघा! तुम्ही प्रसादासाठी थांबता हे त्याला ठाऊक नव्हतं! शेवटी तोही लिहिला. बाड देवापुढं ठेवलं, पहिल्या पानाला हळदकुंकू वाहिलं, आणि धाडलं.

आता ऐका, त्यानं घोळ कुठं घातला. असा घोळ फक्त कीर्तनातला माणूसच घालू शकतो! आपल्याकडं नमनाशिवाय काही सुरू होतं का? नाही! मग विश्वंभरानं कादंबरीच्या आधी नमन लिहिलं. गणपती झाला, शारदा झाली, ग्रामदैवत झालं. मग गुरू. मग ज्यांच्या ज्यांच्या मागं पेटी वाजवली ते सगळे बुवा. पेटीचा भाता फाटला तेव्हा चामडं लावून देणारा. तोवर गावात बातमी फुटली. गिरणीवाला दारात हजर – "माझं नाव घातलं ना मास्तर?" घातलं! सरपंच आले – "मी रस्ता केला म्हणून तुम्ही टायपिंगला जाता." घाला! बँडवाले आले, भजनी मंडळ आलं, दूधवाला आला. नाही कुणाला म्हणणार? आणि या सगळ्या गर्दीत एक ओळ होती – "माझ्यापायी माहेरचा टांगा रिकामा धाडणाऱ्या अनसूयावैनीस साष्टांग दंडवत." मग पुढं पोस्टमास्तर!

पंधरवड्यानं फोन आला. प्रकाशकाकडं बाडं वाचणाऱ्या बाई होत्या, उमा देशकर. म्हणाल्या, "घोडके, तुमची तीस पानं वाचली. हाताला कुंकू लागलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गोष्ट कुठं आहे?"

विश्वंभर म्हणाला, "येतेय की बाई! एकतिसाव्या पानावर सुरू होते!"

हसा, हसा! तोही नंतर हसला. बाई म्हणाल्या, "नियमानं मी हे परत पाठवायला हवं. पण त्या टांग्याच्या ओळीपाशी मी थांबले. सारांशात टांगा कुठं दिसला नाही. कादंबरीत आहे?"

"नाही."

"का?"

"ते खरं घडलंय ना, बाई. खरं कसं घालायचं? मी कादंबरीतली बाई चांगली देवीसारखी केलीय. तोंडातून शब्द काढत नाही. सगळं सोसते."

बाई म्हणाल्या, "असली देवी मला दर आठवड्याला पोस्टानं येते हो! मला ही टांगा परत पाठवणारी बाई हवीय. का पाठवला तिनं?"

आणि मंडळी, का पाठवला – विश्वंभराला माहीतच नव्हतं! तीस पानं आभार मानले. गिरणीवाल्याचे मानले, पोस्टमास्तरचे मानले. आणि ज्या बाईच्या जिवावर जगला, तिला जन्मात एकदा विचारलं नव्हतं, "वैनी, तुम्ही का राहिलात?"

बाई म्हणाल्या, "नमन काढा. गोष्ट त्या टांग्यापासून सुरू करा. पुन्हा पाठवलंत तर मी स्वतः वाचीन."

नमन काढा! आधी विश्वंभराला रागच आला. "ऋण पुसून टाकू? कृतघ्न होऊ?" दोन दिवस पेटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात जाऊन वैनीपुढं बसला. वैनी तांदूळ निवडत होती.

"वैनी, ते टांग्याचं लिहायचं म्हणतोय."

"काय लिहिणार?"

"हेच की, तुमची माझ्यावर माया होती म्हणून तुम्ही राहिलात."

"साफ खोटं!" वैनीनं ताट खाली आदळलं. "माया कुठली रे मेल्या? संताप आला होता मला! तुझ्या भावाचा आला होता, तुझा आला होता, त्या देवाचाही आला होता. तुझी लग्नात तोंडओळख झालेली, माया कुठून येणार? ट्रंक टांग्यात चढवली होती मी. एक पाय पायरीवर होता. सहज मागं बघितलं, तर दारातनं तू दिसलास. चुलीपुढं बसून गार राखेत फुंकर मारत होतास. तोंड सगळं राखेनं माखलेलं. म्हटलं, याला चूल पेटवायला तरी शिकवावं आणि मग जावं. दादाला म्हटलं, तू हो पुढं, मी येते चार दिवसांनी."

"मग?"

"मग काय मग! चूल आली तर भाकरी येईना. भाकरी आली तर तुला गोवर आला. पावसाळा आला. राहून गेले. कितीदा वाटलं, जावं. तुला आठवत नसेल, मी तुला उलथन्यानं मारलंय. रात्रीची रडलेय. हे लिहिणार असलास तर लिही. देवीबिवी करू नकोस मला. देवीला जेवायला लागत नाही, मला लागायचं!"

विश्वंभर ऐकत होता आणि रडत होता. ज्याला तो उपकार म्हणत होता, तो एका दिवसाचा नव्हताच! रोज उठून ती पुन्हा एकदा राहायचं ठरवत होती. संताप गिळून, माहेर आठवून, तरी राहत होती. कधी राग, कधी कंटाळा, आणि त्यातनंच हळूहळू ती माया आली, जिच्यावर हा माणूस जगला. सांगा, यापुढं कुठलं नमन लिहायचं?

त्यानं कादंबरी पुन्हा लिहायला घेतली. वैनी सांगायची, हा लिहायचा. ती म्हणायची, "असं गुळगुळीत नको." हा खोडायचा. गावात बोंब झाली – मास्तरनं नावं काढली! सरपंच दोन महिने बोलले नाहीत. गिरणीवाला मात्र म्हणाला, "माझं राहू द्या, वैनींचं नीट लिहा." भला माणूस! असा एखादा असतो म्हणून गावात राहवतं.

पुन्हा तीस पानं गेली. पहिल्याच पानावर टांगा. थोड्याच दिवसांत उमाबाईंचा फोन – "घोडके, उरलेलं सगळं पाठवा. आम्ही छापतोय."

विश्वंभर धावत आत गेला, वैनीच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "वैनी, पुस्तक निघतंय! पण आभाराचं एकही पान नाही हो त्यात. तुमचं नाव घेऊन दोन शब्दसुद्धा नाहीत."

वैनीनं त्याला धरून उठवलं. म्हणाली, "विसू, जन्मभर सगळे मला 'चांगली बाई, चांगली बाई' म्हणून मोकळे झाले रे. का राहिलीस, असं कुणी विचारलं नाही. तू विचारलंस. आणि मी बोलत होते तेव्हा मध्ये तोंड घातलं नाहीस. मला पोचलं सगळं."

विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!

मंडळी, आता गोष्ट सोडा, तुमच्याकडं येतो. खाली बघू नका! तुमच्या घरातही कुणीतरी असंच राहून गेलेलं आहे. आई असेल, मोठी बहीण असेल, नोकरी सोडून बसलेला भाऊ असेल. ज्या बायकोला तुम्ही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माईकवर "तिच्यामुळेच मी" म्हणालात, ती असेल! म्हणालात ना? टाळ्या पडल्या ना? आणि विचारलंत का कधी, "तेव्हा तुझं काय चाललं होतं?"

आज तिच्या पाया पडू नका. पाया पडून माणूस सुटतो! शेजारी बसा. विचारा. उत्तर गोड येईल असं समजू नका, राग निघेल, जुनं काहीबाही निघेल. ते ऐकून घ्या. ज्यांचं असं माणूस आता विचारायच्या पलीकडं गेलंय, त्यांनी इथं माझ्याबरोबर दोन मिनिटं डोळे मिटून बसावं. पण ज्यांचं माणूस अजून घरात आहे, बोलतंय, कावतंय – त्यांच्यासारखं भाग्यवान कुणी नाही, मंडळी! देवानं वेळ शिल्लक ठेवलीय तुमच्यासाठी, त्याचे उपकार माना. आरती आज मी आटोपशीर घेतो. तुम्ही घरी चला, ती माणसं अजून जागी आहेत.