निळा धागा

आमच्या सरांना तुम्ही सगळे कोरडा माणूस म्हणता ना, मग हे ऐका.

तेव्हा मी लॅबमध्ये लाकडाच्या तंतूंत लिग्निन कुठे कुठे उरलंय, त्याचे फोटो काढायचो. लिग्निन राहिलं की कागद पिवळा पडतो, आणि यूव्ही प्रकाशात ते निळसर चमकतं. एका फोटोत एक तंतू असा काही लखलखला, की लगदा अजून शिजवायला हवा असं मी परस्पर कागद कारखान्याला कळवून टाकलं.

फोटो सरांनाही मेल केला होता. तो बघून त्यांनी मला बोलावलं.

"ऍप्रन कोण धुतं तुमचा?"

"आई."

"कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत?"

"हो."

"ती पावडरच चमकतेय. हे लाकूड नाही, तुमच्या बाहीचा सुती धागा आहे. फोटो डिलीट करा आणि कारखान्याला फोन करून चूक सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

केला फोन. राग मात्र कर्वेनगरला घरी जाऊन आईवर काढला. "माझ्या ऍप्रनला यापुढे हात लावू नकोस."

"बरं," म्हणाली. आणि खरंच कधी लावला नाही.

गेल्या वर्षी आई गेली. सर भेटायला आले नाहीत, फोनही नाही. म्हटलं, यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची!

तेराव्याच्या दिवशी त्यांचा ई-मेल आला. त्यात तोच निळा धागा, आणि खाली एकच ओळ.

"माझ्याकडचा मी डिलीट केला नव्हता."